आधी सावली, मग एसी

वाचकाचं पत्र

आमचा नाशिकला इंदिरानगरात छोटा बंगला आहे. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते आणि दिवसातला निम्मा वेळ कॉलवर असते. घरात दोन मुलं, टीव्ही, मिक्सर, येणारे-जाणारे. मागच्या अंगणात सासऱ्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी उभारलेली दहा बाय बारा फुटांची शेड आहे. लोखंडी अँगलचा सांगाडा, भिंतींना साधा पत्रा, वर सिमेंटचे पत्रे. त्यातले दोन तडकलेत. दार पूर्वेला, घराकडे. पश्चिमेला कुंपणापर्यंत आठ-नऊ फूट जागा मोकळी आहे. तिथे ऑफिस करावं असं मनात आहे, पण एप्रिल-मे महिन्यात आत पाय ठेववत नाही आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही.

एका कॉन्ट्रॅक्टरने इंग्लंडमधले व्हिडिओ दाखवले. तसंच लाकडी फ्रेम, ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) आणि आतून प्लॅस्टिक लावून देतो म्हणाला. दुसरा म्हणतो, शेड पाडा, फोम भरलेल्या पफ पॅनलची तयार केबिन ठेवा. मिस्टर म्हणतात, एवढं करण्यापेक्षा दीड टनाचा एसी बसवू. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेडमध्ये सासऱ्यांचा संसार आहे. ते सातपूरच्या कारखान्यात फिटर होते. व्हाइस, ड्रिल, पाना-पक्कड सगळं तिथे. रोज सकाळी तासभर तिथे असतात. त्यांना कसं सांगू? खर्चाला मर्यादा आहे, एकदम सगळं होणार नाही.

उत्तर

ताई, नमस्कार.

मिस्टरांचा एसी आधी घेते, कारण तो का पुरणार नाही हे एकदा लक्षात आलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. एसी हवा थंड करतो. छत थंड करणं त्याच्या हातात नसतं. मे महिन्यात दुपारी उघडा पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्या खालच्या अंगातून निघणारी धग थेट तुमच्या डोक्यावर आणि खांद्यांवर येते. खोलीतली हवा पंचवीस अंशांवर आणली तरी डोकं तापलेलंच राहतं, यंत्र दिवसभर बंद पडत नाही आणि बिल वाढत जातं. चारच्या सुमाराला तुम्ही लॅपटॉप उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलावर याल.

आपल्याकडे ऊन येतं कुठून, तेही पाहू. नाशिक साधारण वीस उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन झेलतं ते छत. दुसरा नंबर पश्चिमेच्या भिंतीचा, कारण दुपारी तीननंतर सूर्य तिरपा होऊन तिच्यावर सरळ येतो. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात फारसा त्रास देत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलून दुपारीही क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. नाशिकच्या थंडीत ते हवंहवंसं वाटतं. पारा दहाच्या खाली जातो अशा सकाळी तुम्ही त्याच खिडकीशी खुर्ची ओढाल.

म्हणून पैसे ज्या क्रमाने घालायचे तो क्रम असा: छत, पश्चिमेची सावली, मग भिंती, मग वीज आणि इंटरनेट, आणि सगळ्यात शेवटी थंड करणारं यंत्र. मध्येच पैसे संपले तर याच क्रमाने जिथे पोहोचलात तिथे थांबा. अर्धवट राहिलेली भिंत चालवून घेता येते, अर्धवट छत घेता येत नाही.

पण छताला हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीने सांगते. पंचवीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे म्हणजे त्यात अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. पत्रा अखंड असतो तोवर त्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तो फोडला, ग्राइंडरने कापला, कोरडाच घासला की ते डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारा कॅन्सर वीस-तीस वर्षांनीही वर येतो. आपल्याकडे पत्रे काढायचे म्हणजे दोन पोरं वर चढतात आणि हातोडीने फोडून खाली टाकतात. हे होऊ देऊ नका. पत्र्यांवर आधी पाणी मारून ते भिजवायचे, नटबोल्ट खोलायचे, गंजलेले असतील तर बोल्ट कापायचा पण पत्रा नाही, आणि अख्खा पत्रा दोघांनी धरून हळू उतरवायचा. काम करणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल पुरत नाही, साधा एन-९५ मास्कही नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो, आणि तो तुम्ही स्वतः आणून द्या. त्या दिवशी मुलांना आजोळी पाठवा. उतरवलेले पत्रे आणि तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधा आणि महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारून मगच हलवा. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागायला कोणी येईल. देऊ नका. जमिनीवर पडलेला चुरा झाडूने कोरडा लोटायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा.

पत्रे अखंड असते तर मी म्हटलं असतं की त्यांना भोक न पाडता खालून छत करून घ्या. पण दोन तडकलेले आहेत, तेव्हा काढणंच बरं.

परवानगीचं थोडक्यात. बंगल्याच्या मंजूर नकाशात ही शेड दाखवली आहे का, ते आधी पाहा. प्लॉटच्या मागच्या आणि बाजूच्या कडेला जे सामासिक अंतर मोकळं सोडायचं असतं, त्यात ती येत असेल तर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर सगळा खर्च पाण्यात जाऊ शकतो. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, जुन्या आठवणींवर विसंबू नका. परवानाधारक इंजिनिअरला नकाशा दाखवून त्याच्याकडून लेखी मत घ्या. तुम्ही एकट्या लॅपटॉप घेऊन बसणं वेगळं आणि माणसं कामाला ठेवून, ग्राहक बोलावून चालवलेलं ऑफिस वेगळं. पुढे कधी तसा विचार असेल तर आत्ताच त्याच्या कानावर घाला. घर नासर्डीच्या काठाजवळ असेल तर पूररेषाही विचारून घ्या.

आता इंग्लंडचे व्हिडिओ. ते चुकीचे नाहीत, ते तिथल्या हवेसाठी आहेत. तिथे वर्षातले बहुतेक महिने आत ऊब आणि बाहेर गारठा असतो. आतली दमट, उबदार हवा भिंतीत शिरून बाहेरच्या थंड थरावर पाणी होऊन बसू नये म्हणून ते लोक प्लॅस्टिक आतल्या बाजूने लावतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं उलटं होतं. बाहेरची हवा ओलीचिंब आणि तुम्ही एसी लावलात तर आतली बाजू थंड. ओल बाहेरून आत यायला निघते, प्लॅस्टिकच्या मागच्या अंगाला अडकते आणि तिथेच पाणी होतं. ग्लासवूल भिजतं, बसतं, कुबट वास येऊ लागतो. बोर्ड लावलेला असल्याने बुरशी दिसत नाही, फक्त शिंका सुरू होतात. त्यामुळे ओल अडवणारा थर आपल्याकडे बाहेरच्या बाजूला हवा. लाकडी फ्रेमही नको. इंदिरानगरच्या बागेत, ओल्या मातीला टेकून उभं केलेलं स्वस्त लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. फॉल्स सीलिंगवाले वापरतात ती जीआय चॅनल, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी घ्या.

आणि तिथे जमिनीलाही जाड रोधक थर देतात, तो तर आपण मुळीच द्यायचा नाही. काही फूट खाली जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे आपल्याकडे पंचविशीच्या आसपास टिकून असतं. मे महिन्यात शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की जो गारवा लागतो, तो तिथून येतो. फुकट मिळणारी थंडी अडवायची कशाला?

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरची पफ केबिन वाईट नाही. आपल्या जिल्ह्यात पफ पॅनलची माहिती सगळ्यांना आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यातली द्राक्षांची कोल्ड स्टोअरेज त्याचीच उभी आहेत, आणि तशी कामं करणारे फॅब्रिकेटर अंबड-सातपूरला मिळतात. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पन्नास मिलिमीटरचं पॅनल उष्णता फार चांगली अडवतं. तुम्ही दिवसभर शांतपणे कोड लिहीत असता तर मी म्हटलं असतं, छताला पॅनल टाका आणि मोकळ्या व्हा. पण तुम्ही निम्मा दिवस बोलता. पॅनल हलकं असतं. पाऊस त्यावरही वाजतो, साध्या पत्र्यापेक्षा कमी, पण वाजतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि मऊ, तंतुमय थर लागतो. म्हणून तुमच्यासाठी मी पत्रा आणि रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा थर, निवडते.

छत वरून खाली असं करा. सगळ्यात वर पांढरा किंवा फिकट रंगाचा कलर कोटेड पत्रा, अर्धा मिलिमीटर जाडीचा. गडद निळा किंवा लाल दिसायला छान असतो, पण तो ऊन पितो. त्याखाली दीड-दोन इंच मोकळी हवा. या पोकळीची दोन्ही टोकं, खालची वळचणीकडची आणि वरची चढाकडची, उघडी ठेवायची, म्हणजे तापलेली हवा वर सरकून बाहेर पडते आणि खालून नवी येते. टोकांना बारीक जाळी हवीच, नाहीतर गांधीलमाश्या आणि खारी वर्षभरात घर करतात. पोकळीखाली दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेला फॉइलचा थर, त्याचे जोड टेपने बंद केलेले. त्याखाली दोन इंची रॉकवूलच्या पाट्या. सगळ्यात खाली जिप्सम बोर्ड, शक्य असेल तर दुहेरी, सांधे एकमेकांवर न येतील असा.

फॉइलबद्दल इथे जरा थांबते, कारण बाजारात याच्यावर सर्वांत जास्त फसगत होते. चकचकीत फॉइल उष्णतेचे किरण परत पाठवतं, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची पोकळी लागते. पत्र्याला चिकटवून लावलं की पत्र्याची उष्णता सरळ त्यात उतरते आणि तुम्ही नुसता चकाकणारा कागद लावून बसता. कामगार घाईत तसंच चिकटवतात, तेव्हा तुम्ही समोर उभ्या राहा. याच फॉइलचं दुसरं काम थंडीत कळतं. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव धरून टपटप गळतं. लोक म्हणतात छप्पर गळतंय, पाऊस नसताना कसं? ते दवाचं पाणी फॉइलवर पडून उताराने वळचणीला जाईल, रॉकवूल कोरडं राहील. पावसाळ्यात ओल बाहेर अडवणारा थरही हाच.

उतार दहा फुटांना दीड-दोन फूट ठेवा. पत्र्याचे स्क्रू पन्हाळीत नाही, उंचवट्यावर मारायचे, रबरी वॉशरसकट. नाशिक शहराला इगतपुरीसारखा पाऊस नाही. इथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे तीन हजारांच्या वर. पण जो येतो तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून त्या बाजूला वळचण दोन फूट तरी बाहेर काढा आणि पन्हळ लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरवा. शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी पडू लागलं की संबंध बिघडायला एक पावसाळा पुरतो.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं त्याकडे येते. सासऱ्यांना शेडमधून हलवायचं कसं? माझं म्हणणं असं की त्यांना हलवूच नका, चार फूट पश्चिमेला सरकवा.

शेडच्या पश्चिम भिंतीला लागून चार-पाच फूट रुंद पडवी काढा. छत शेडच्या छताच्या खाली सुरू होऊन बाहेर उतरतं, तीन बाजू मोकळ्या, खाली फरशी. तिथे बाबांचं वर्कबेंच, व्हाइस आणि हत्यारांसाठी कुलूप लागणारं लोखंडी कपाट. ते सकाळी काम करतात म्हणालात. सकाळी पश्चिमेची बाजू शेडच्याच सावलीत असते, आजच्या कोंदट शेडपेक्षा त्यांना तिथे उजेड आणि वारा जास्त मिळेल. आणि दुपारी तीननंतर जे ऊन तुमच्या भिंतीवर आलं असतं ते पडवीच्या छतावर आणि कडेच्या शेडनेटवर अडेल. तुमच्या ऑफिसला जी सावली हवी आहे तीच त्यांची जागा होते. आडवा पाऊसही भिंतीपर्यंत पोहोचणार नाही. पडवी हेसुद्धा बांधकामच आहे, तेव्हा इंजिनिअरला नकाशा दाखवाल तेव्हा तिचाही विषय काढा. तो नाही म्हणाला तर छत न घालता पाइपच्या मांडवावर पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारं शेडनेट ताणून घ्या. द्राक्ष बागायतदारांची साहित्याची दुकानं नाशिकात कमी नाहीत. तसं झालं तर हत्यारांचं कपाट मात्र घराच्या मागच्या व्हरांड्यात जाईल.

मांडवावर वेल सोडायचा झाला तर द्राक्षाचा सोडू नका, कितीही मोह झाला तरी. एप्रिलमध्ये खरड छाटणी करावी लागते, म्हणजे सावलीची खरी गरज असते तेव्हाच वेल उघडा बोडका. कृष्णकमळ किंवा पॅशन फ्रूट लावा. पाणी दिलं तर दोन्ही उन्हाळ्यातही पानं धरून राहतात.

आणि हे सगळं बाबांना कॉन्ट्रॅक्टर घरी यायच्या आधी सांगा. मिस्टरांकरवी नको, तुम्ही स्वतः. शेड "काढायची" आहे अशी सुरुवात करू नका, तशी ती काढायची नाहीच आहे. सांगाडा त्यांनी उभा केलेला आहे आणि तो आपण ठेवतोय. तुम्हाला त्यांची गरजही आहे. आयुष्यभर फिटरकाम केलेल्या माणसाला अँगल कुठे गंजून खंगला आहे, कुठे नवा जोड द्यावा लागेल, वेल्डिंग पोटात गेलंय की नुसतं वरवर टाकलंय, हे हात फिरवून कळतं. कॉन्ट्रॅक्टरवर लक्ष ठेवायला त्यांच्याइतकं योग्य माणूस तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही. पडवीचं बेंच किती उंच हवं, व्हाइस कुठल्या कोपऱ्यात, हे त्यांनाच ठरवू द्या. ग्राइंडर कधी चालवायचा तेही आधीच बोलून घ्या. तुमचे कॉल दहाला सुरू होत असतील तर त्यांचं आवाजाचं काम त्याआधी. जुनी हत्यारं हलवण्याचं काम त्यांच्या हातूनच होऊ द्या, त्यात चार दिवस जास्त गेले तरी जाऊ द्या.

भिंतींचं सांगते. बाहेरचा पत्रा गंजून भोकं पडलेला नसेल तर तोच ठेवा, पाऊस अडवायला तो पुरेसा आहे. फक्त फिकट रंग द्या. आतून पत्र्यापासून इंचभर सोडून जीआय चॅनलची चौकट, पत्र्याच्या बाजूला फॉइल, चौकटीत दोन इंच रॉकवूल, त्यावर बोर्ड. खालचे तीन-चार फूट सिमेंट फायबर बोर्ड घ्या, पावसाळ्यात जिप्सम खालून ओल धरतो. चौकट लोखंडी अँगलला जिथे टेकते तिथे मध्ये रबराची पट्टी ठेवायला सांगा. लोखंड उष्णता फार पटकन नेतं, आणि सांगाड्याचा प्रत्येक उभा अँगल बोर्डाला थेट स्क्रूने जोडला तर दुपारी भिंतीवर उभे गरम पट्टे हाताला लागतील. पुरेसं रॉकवूल घातल्यावरही खोली का तापते, याचं उत्तर पुष्कळदा या स्क्रूंमध्ये असतं.

कोणी थर्मोकोल सुचवेल. उष्णता अडवण्यात तो खरंच चांगला आहे, इंचभर थर्मोकोल जवळपास दीड फूट विटांच्या भिंतीइतका अडवतो. पण तो पेट घेतो आणि घुसमटवणारा काळा धूर सोडतो. जिथे वीज, चार्जर, यूपीएस आणि एक माणूस बंद दाराआड आहे तिथे मी तो घालणार नाही. रॉकवूल दगडापासून बनतं, ते जळत नाही. उंदीर खालून शिरू नयेत म्हणून चौकटीच्या तळाला लोखंडी जाळी लावायला विसरू नका.

फरशी तपासा. मध्ये फुगलेली किंवा कोपऱ्यात खचून तडे गेलेली असेल तर खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं सगळं हलवते. तसं असेल तर फरशी उखडून माती काढा, मुरूम भरून पाणी मारून धुमसा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. प्लॅस्टिकची खरी जागा इथे आहे, जमिनीची ओल वर चढू नये म्हणून. आतली पातळी अंगणापेक्षा निदान सहा इंच वर घ्या आणि शेडभोवती दोन फुटांचा उताराचा ओटा करा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. फरशी ठणठणीत असेल तर यातलं काहीच करू नका.

खिडक्या दोन. एक उत्तरेला, तिथला उजेड दिवसभर एकसारखा असतो आणि स्क्रीनवर चमक येत नाही. एक दक्षिणेला, वर दोन फुटांचं छज्जं असलेली. पश्चिमेला काच नको. खोली जितकी घट्ट बंद होईल तितकी आतली हवा लवकर शिळी होते. दोन तासांच्या मीटिंगनंतर डोकं जड होतं ते अनेकदा कामाने नसून कोंडलेल्या हवेने. उंचावर सहा इंची एक्झॉस्ट बसवा आणि दाराखाली थोडी फट ठेवा.

वीज घरातल्या जवळच्या प्लगवरून ओढायची नाही. मुख्य बोर्डातून स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची, जमिनीतून पाइपातून. शेडमध्ये वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि तीस मिलिअॅम्पिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). सांगाडा लोखंडी आहे, त्याला अर्थिंग हवंच, यात तडजोड नाही. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा राउटर आणि लॅपटॉप वाचवायला सर्ज प्रोटेक्टरही लावा. आणि वायफायवर भरवसा ठेवू नका. चारी बाजूंनी पत्रा आणि त्यामागे फॉइल असलेल्या खोलीत घरातला सिग्नल पोहोचतच नाही, मोबाइलची रेंजही पडते. विजेच्या पाइपापासून फूटभर अंतर सोडून दुसरा पाइप टाका, त्यातून लॅनची केबल आणा आणि शेडमध्ये छोटा राउटर ठेवा. खड्डा एकदाच खणला जातोय तोवर हे काम फुकटात होतं, नंतर सगळं अंगण उकरावं लागतं.

राहिला प्रश्न थंडाव्याचा. छत, सावली आणि भिंती झाल्यावर खोली बाहेरच्या सावलीइतपत राहील, पण बाहेर चाळीस असेल तर तेवढ्याने भागणार नाही. नाशिकच्या एप्रिल-मेची हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलर फार छान चालतो. तो खिडकीबाहेर बसवा, ताजी हवाही मिळते. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा साठतो. रात्री कितीही तापलेला दिवस असला तरी आपल्याकडे हवा उतरते, म्हणून संध्याकाळी निघताना जाळीची खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. सकाळी फरशी गार मिळेल. कॉलवर कूलरचा आवाज नको असेल तर एसी घ्या, पण मग एक टनाचाच. एकशे वीस चौरस फुटांच्या नीट झाकलेल्या खोलीला दीड टन लागत नाही.

वेळेचं गणित असं ठेवा. बाबांशी बोलणं आणि नकाशा या महिन्यात. पत्रे उतरवून नवं छत गुढीपाडव्यापर्यंत, पडवी अक्षय तृतीयेपर्यंत. भिंती थांबल्या तरी चालतील, पण फरशी आणि केबलचा खड्डा मात्र जूनच्या पहिल्या पावसाआधी झालाच पाहिजे. कॉन्ट्रॅक्टरला पैसे टप्प्याने द्या आणि बोर्ड लावण्याचा टप्पा वेगळा ठेवा. बोर्ड चढण्याआधी बाबांना घेऊन आत जा, प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो काढा, रॉकवूल चौकटीत खालपर्यंत बसलंय का, फॉइलचे जोड टेपने बंद आहेत का, केबल नेमक्या कुठून गेल्यात, हे पाहून घ्या. उद्या भिंतीवर शेल्फसाठी ड्रिल मारायचं ठरलं की ते फोटो लागतील.